मन दुखते तेव्हा श्रद्धा कमी पडलेली असते का?



वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आलेले आहेत. तिथे मेणाच्या आकृत्यांची दुकाने लागतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याला घर हवे तो मेणाचे घर घेतो, ज्यांच्या पदरी मूल नाही ते मेणाचे बाळ घेतात. माउलीच्या चरणी आकृती ठेवायची आणि मनातले मागणे मागायचे. पण ज्याचे मनच दुखत आहे त्याने काय घ्यावे? रात्री तीनला जाग येते, छताकडे बघत सकाळ होते आणि उठावेसे वाटत नाही. हे दुखणे कोणत्या मेणात ओतायचे?

जे दाखवता येत नाही ते सांगताही येत नाही. समुपदेशनाचे काम करताना आम्ही हे या उपनगरांत सतत पाहतो. म्हणून आज या पानावर एका प्रश्नाचा विचार करू या. तो प्रश्न आम्हाला फार वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा आवाज त्या वेळी खाली गेलेला असतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल

‘माझे मन आजारी आहे’ असे म्हणत आमच्याकडे क्वचितच कोणी येते. कोणी अ‍ॅसिडिटीचे सांगतो, कोणी डोकेदुखीचे. कोणी छातीत धडधडते म्हणून दोनदा ईसीजी काढून आलेला असतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग फॅमिली डॉक्टर हळूच म्हणतात, ‘जरा कोणाशी तरी बोलून बघा.’

पहाटे पाण्याच्या वेळेला उठून, डबे भरून, आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये बोरिवलीला कशीबशी चढणारी आई येते. घरी परतल्यावर मुलांवर ओरडते आणि मग रात्री स्वतःलाच दोष देत बसते. गावठाणातले बैठे घर रिडेव्हलपमेंटमध्ये गेले आणि अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलेले आजोबा येतात. पूर्वी ओट्यावर बसले की येणारा-जाणारा चार शब्द बोलायचा, आता दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकायचा. जालन्याहून, नगरकडून नोकरीसाठी आलेला तरुण येतो. दर रविवारी तो गावी फोन करून ‘सगळं बरं आहे’ म्हणतो आणि फोन ठेवल्यावर जेवत नाही. २०२१ च्या लाटेत नवरा गेलेली बहीण येते. त्या काळात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. रडायला खांदा मिळाला नाही, आणि मग रडण्याची वेळच निघून गेली असे तिला वाटते.

यातली कोणतीही हकिगत कोणा एका व्यक्तीची नाही. अशी माणसे प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक चाळीत आहेत. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के, म्हणजे साधारण दहातील एक माणूस, त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्रस्त होता. वेगवेगळ्या आजारांत मिळून ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. हेच प्रमाण धरले तर रविवारच्या मिस्साला आपल्या बाकावर, किंवा पुढच्या बाकावर, असा एक जण बसलेला असतो. कदाचित तो आपणच असतो.

आणि तो जो प्रश्न विचारतो तो असा: ‘आम्ही घरी रोज जपमाळ करतो. बुधवारची माहीमची नोव्हेना चुकवत नाही. तरी असे का होते? आमची श्रद्धा कमी पडते का?’

हा केवळ विचार करण्यापुरता प्रश्न नाही. या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे मनाशी ठरवले की माणूस डॉक्टरकडे जात नाही. तो घरच्यांना सांगत नाही आणि दुखण्यावर अपराधाचे आणखी एक ओझे घेऊन बसतो. म्हणून या उत्तराला फार किंमत आहे.

असे वाटते तरी का?

हाड मोडले तर कोणी म्हणत नाही की याचा देवावर विश्वास नाही. मधुमेह झाला तर शेजारी इन्शुलिनऐवजी अधिक भक्ती सुचवत नाहीत. मग मनाच्या बाबतीतच असे का?

त्याचे एक कारण आहे. जिथे आपण देवाची जवळीक अनुभवतो, त्याच जागी हा आजार घाव घालतो. पाय मोडलेला माणूस प्लास्टर घातलेल्या पायाने प्रार्थना करतो आणि त्याला समाधान मिळते. नैराश्यात मात्र समाधान मिळण्याची शक्तीच मंदावते. आवडते गाणे आवडेनासे होते, नातवंडाला मांडीवर घेऊनही काही वाटत नाही. अशा वेळी प्रार्थनाही कोरडी लागते. माणूस म्हणतो, देव माझ्यापासून दूर गेला. खरे तर दूर गेलेली असते ती जाणीव.

जाणीव आणि श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई तापाने फणफणलेली असते तेव्हा तिला मुलाबद्दल प्रेम ‘जाणवत’ असेलच असे नाही. तरी ती उठून त्याच्यासाठी भात लावते. त्या भाताला आपण प्रेमच म्हणतो. काहीही जाणवत नसताना जो माणूस जपमाळेचा मणी पुढे सरकवतो, त्याची श्रद्धा कमी कशी म्हणायची? ज्याला आनंद होत आहे त्याच्यासाठी प्रार्थना सोपी असते.

मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. कित्येक वर्षे त्यांनी आतला अंधार सोसला होता आणि तरी रस्त्यावरच्या माणसाला उचलणे थांबवले नव्हते. हा आध्यात्मिक अंधार आणि नैराश्याचा आजार एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. नैराश्यात पुष्कळदा अंथरुणातून उठण्याचे बळही राहत नाही. पण एक गोष्ट त्या पत्रांवरून स्पष्ट होते. देव जवळ आहे असे न वाटणे म्हणजे देवाने सोडून देणे नव्हे. ४ सप्टेंबर २०१६ रोजी ख्रिस्तसभेने याच मदर तेरेसांना संत म्हणून घोषित केले.

एलियाला आधी काय मिळाले?

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळे आहे. जुन्या करारात, राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, एलिया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळतो. एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवाचा एवढा मोठा माणूस, नुकताच कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला! देवदूत येतो. तो एलियाला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावत नाही. तो त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर येते. आधी अन्न, झोप, सोबत, शब्द मागाहून.

संत इग्नेशियस लोयोला यांचेही असेच झाले. १५२२ साली मानरेसा येथे असताना आपल्या जुन्या पापांची नीट कबुली झाली की नाही या विचाराने त्यांना इतके पछाडले की जीव देण्याचे विचार येऊ लागले. देव शांती देईपर्यंत जेवायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपवास केला. त्यांच्या पापनिवेदक धर्मगुरूंनी त्यांना काय सांगितले? उपवास सोडा. पुढे इग्नेशियस यांनी आध्यात्मिक साधनेचे जे नियम लिहिले त्यात एक नियम असा आहे की मन खचलेले असताना आधी ठरवलेल्या गोष्टी बदलू नयेत, नवे मोठे निर्णय घेऊ नयेत. नोकरी सोडू का, लग्न मोडू का, असे विचारत जेव्हा कोणी खचलेल्या मनाने येते, तेव्हा आम्हीही पुष्कळदा हेच सांगतो. थोडे थांबा, आधी झोप नीट होऊ द्या.

आणि आपला प्रभू? गेथशेमाने बागेत तो मरणप्राय दुःखी झाला, आणि ते दुःख त्याने शिष्यांपासून लपवले नाही. माझ्याबरोबर जागे राहा, एवढे त्याने मित्रांकडे मागितले. क्रूसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी आपण दर उपवासकाळात गुडघे टेकतो. तिथे कुरेनेकर शिमोन प्रभूचा क्रूस उचलतो. देवाच्या पुत्राला दुसऱ्याचा खांदा लागला. मग आपल्याला तो घेताना लाज का वाटावी?

मनोरुग्णालयात राहिलेले संत

मुंबईत एक जुनी थट्टा आहे. कोणी वेडेवाकडे बोलले की म्हणायचे, ‘ह्याला ठाण्याला पाठवा.’ ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि शंभराहून अधिक वर्षे आपण त्या शहराचे नाव शिवीसारखे वापरत आलो. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की लागणारे हे शहर. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. मनाचे आरोग्य हा आपल्या सगळ्यांच्या घरातला विषय आहे, हे मराठी माणसाला समजेल अशा भाषेत सांगण्याचे काम ही संस्था करत आली आहे. तरी थट्टा अजून पुरती थांबलेली नाही.

या थट्टेपुढे आम्हाला एक नाव ठेवावेसे वाटते: लुई मार्टिन. बाल येशूच्या संत तेरेजा, जिला आपण ‘लिटल फ्लॉवर’ म्हणतो, तिचे हे वडील. १८८८ मध्ये तेरेजा मठात गेली. वडिलांचा आजार वाढला, त्यांना भास होऊ लागले, घरातून ते निघून जाऊ लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना कां शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि तिथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. गावातील लोक कुजबुजत की मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून बापाचे असे झाले. त्या मुलींच्या मनाचे काय झाले असेल! १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच लुई मार्टिन यांना आणि त्यांच्या पत्नी झेली यांना संतपद दिले. मनोरुग्णालयातली ती वर्षे त्यांच्या संतपदाच्या आड आली नाहीत.

ग्रॅनडाचे संत जॉन ऑफ गॉड यांनाही वेडे ठरवून रुग्णालयात डांबले होते आणि त्या काळी चाबकाचे फटके हा तिथला उपचार होता. बाहेर आल्यावर त्यांनी रुग्णांसाठी स्वतः रुग्णालय सुरू केले. आज ते रुग्णांचे आणि रुग्णालयांचे आश्रयदाते संत आहेत.

प्रार्थना आणि गोळी

तर मग आमच्या प्रश्नाचे उत्तर असे: नाही, मन आजारी पडणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. पण यापुढे लगेच दुसरा प्रश्न येतो. प्रार्थना करावी की औषध घ्यावे?

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये बेन सिराचा ग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात सांगितले आहे की वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे आणि औषधी जमिनीतून देवानेच दिली आहे. तोच अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायलाही सांगतो. दोन्ही एकाच पानावर आहेत. त्यांची ताटातूट आपण केली.

कोणी प्रार्थनासभेहून आल्यावर उत्साहात सांगते, ‘आता विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला?’ आमची हात जोडून विनंती आहे, असे कोणाला सांगू नका आणि कोणी सांगितले तर ऐकू नका. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारणपणे काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले की गोळी एकदम बंद करण्याचा मोह होतो आणि आजार उलटतो. औषध कमी करायचे की थांबवायचे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रायश्चित्त संस्कार आणि समुपदेशन यांचीही गल्लत होते. पापाची क्षमा धर्मगुरूंकडून मिळते. ती देण्याचा अधिकार कोणत्याही समुपदेशकाला नाही. पण तेच पाप दहादा कबूल करूनही ज्याला शांती मिळत नाही, त्याच्या मनाला कदाचित वेगळ्या मदतीची गरज असते. अनुभवी धर्मगुरू हे ओळखतात आणि स्वतःच तसे सुचवतात. समुपदेशकही फारसे सल्ले देत नाही. तो ऐकतो, गुंता सोडवायला मदत करतो आणि ऐकलेले बाहेर सांगत नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच त्याला आणखी कोणाची मदत घ्यावी लागते.

काही वाचक म्हणतील, ‘आजकाल जरा मन खट्टू झाले की मुले डिप्रेशन म्हणतात. आमच्या आजीने आठ मुले वाढवली, तिला कुठे समुपदेशक लागला?’ यात तथ्य आहे. सगळे दुःख आजार नसते. माणूस गेल्यावर रडू येते ते प्रेमापोटी, त्याला औषध नको, सोबत हवी. पण आजीला विहीर होती, ओटा होता, मासळीबाजारात भेटणारी जाऊबाई होती. आणि ज्या आजीला ते पुरले नाही तिच्याबद्दल ‘बाहेरचे लागले’ असे म्हणून घराने दार लावून घेतले. त्या आज्या आपल्या आठवणीत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोललेच नाही.

फरक ओळखायची एक साधी खूण आहे. उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकले. झोप, भूक, कामातले लक्ष बिघडले. आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर डॉक्टरांना भेटावे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये.

आजार आणि जबाबदारी

आता अवघड भाग. मन आजारी असेल तर माणसाच्या वागण्याला तो जबाबदार नाही का? संध्याकाळी पिऊन येणारा, घरात हात उचलणारा माणूसही म्हणतो की टेन्शन आहे. त्याला माफ करून सोडून द्यायचे?

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की सवयी, भीती, मानसिक कारणे यांमुळे माणसाचा दोष कमी होऊ शकतो. कमी होतो, पण दर वेळी संपत नाही. आम्ही हे असे समजतो: मनात जे येते त्यावर आपला ताबा नसतो, म्हणून त्याचा दोषही नाही. मदत मागायची की नाही, हे मात्र पुष्कळदा आपल्या हातात असते. राग येणे हा आजाराचा भाग असू शकेल. बरे होण्यासाठी पाऊल टाकायचे नाही असे ठरवणे आणि दुसऱ्याने ते सोसत राहावे अशी अपेक्षा करणे, हा आजार नाही.

मार खाणाऱ्या बहिणीला ‘हा तुझा क्रूस आहे, सहन कर’ असे सांगणे तर साफ चुकीचे आहे. प्रभूने क्रूस स्वतः स्वीकारला, तो दुसऱ्याच्या पाठीवर लादला नाही. तिची आणि मुलांची सुरक्षितता आधी, नवऱ्याचा उपचार त्याबरोबर. तिच्या संरक्षणासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. आणि दारू सोडू इच्छिणाऱ्यासाठी आपल्याच धर्मप्रांतात वाट आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले तेव्हा व्यसनी माणसाला पापी म्हणून हाकलण्याऐवजी आजारी म्हणून जवळ घेतले. पण जवळ घेताना त्याच्याकडून त्याच्या वाट्याचे पाऊलही मागितले. करुणा आणि जबाबदारी अशा हातात हात घालून चालतात.

ज्यांनी आपले जीवन संपवले

आपल्यापैकी काही घरांत हे दुःख आहे. त्या घरांना सर्वांत जास्त टोचणारा प्रश्न असतो की त्या माणसाचे पुढे काय झाले असेल.

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास चर्चचा दफनविधी नाकारला जाई. म्हाताऱ्या माणसांच्या मनात तेच घट्ट बसले आहे. पण १९८३ च्या धर्मसंहितेत दफनविधी नाकारायच्या व्यक्तींच्या यादीत आत्महत्या केलेल्यांचा उल्लेख नाही. १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ तर पुढे जाऊन सांगतो की गंभीर मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. त्यांच्या तारणाबद्दल आपण निराश होऊ नये. देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना संधी देऊ शकतो. जीवन हे देवाचे दान आहे आणि ते संपवणे चूक आहे, ही शिकवण ख्रिस्तसभेने सोडलेली नाही. मात्र त्या माणसाच्या शेवटच्या घटकेचा न्याय आपण करायचा नाही, हे ती स्पष्ट सांगते.

देशाचा कायदाही याच दिशेने वळला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे त्यात गृहीत धरले आहे. त्याला शिक्षेऐवजी काळजी आणि उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. पूर्वीच्या काळी पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात खोटे कारण सांगावे लागे. आता खरे सांगा, म्हणजे खरा उपचार होईल.

म्हणून २ नोव्हेंबरला मृतात्म्यांच्या दिवशी आपण कबरीवर फुले ठेवायला जाल तेव्हा त्या कबरीपाशीही थांबा. तिथे नाव मोठ्याने घ्या. त्या घरच्यांना ‘कसे झाले’ असे विचारू नका. तो माणूस कसा होता ते विचारा. हे त्यांना बहुधा कोणी विचारलेले नसते.

शेजारी म्हणून आपण

ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोपर्यंत त्यांचे सगळे बरोबर होते. पुढे त्यांनी तोंड उघडले, कारणे शोधली, दोष दाखवले आणि अखेर देवानेच त्यांना चूक ठरवले. आजारी मनाच्या घरी जाताना हा ग्रंथ आठवावा. लहान ख्रिस्ती समूहाच्या भेटी आपण करतोच. अशा घरी जाताना ‘पॉझिटिव्ह विचार कर’, ‘तुला काय कमी आहे’, ही वाक्ये बाहेर चपलांजवळ ठेवून आत जावे.

घरातल्या सुनेला बाळंतपणानंतर सारखे रडू येत असेल तर ‘आम्हाला नाही असे झाले’ म्हणू नका. तिला दोन तास झोपू द्या, बाळ आपण घ्या. रडू थांबलेच नाही तर तिला डॉक्टरांकडे न्या. दहावी-बारावीच्या मुलाला निकालाआधीच सांगा की टक्के काहीही असोत, रात्रीचे जेवण एकत्रच होईल. आणि कोणाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा दिसला तर सरळ विचारा, ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने तसे विचार मनात भरवले जात नाहीत. उलट बोलायला कोणी आहे हे त्या माणसाला कळते. मग त्याला एकटे सोडू नका आणि मदत मिळवा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्री, विनामूल्य, मराठीतही उपलब्ध आहे. महापालिकेच्या केईएम, सायन, नायर आणि कूपर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथला खर्च सामान्य घराला झेपतो.

रोजचे मन

मनाची निगा आजारी पडल्यावरच घ्यायची असते असे नाही. झोपेची वेळ ठरलेली असावी आणि मोबाइल उशाशी नसावा. गाडीतल्या गर्दीतून घरी आल्यावर दहा मिनिटे कोणी कोणाला काही विचारू नये, आधी पाणी आणि चहा. रात्री कुटुंबाची प्रार्थना असते, त्याआधी प्रत्येकाने आज काय जड गेले ते एका वाक्यात सांगावे आणि बाकीच्यांनी त्यावर उपदेश करू नये. आठवड्यातून एकदा तरी ज्याच्याकडे काही काम नाही अशा माणसाला भेटावे. साध्या गोष्टी आहेत. एलियाच्या भाकरीइतक्या साध्या.

आपल्या कुटुंबात विचार करू या

१. आपल्या घरात ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणायला कोणाला भीती वाटते? का?

२. मनाच्या आजारावरून आपण कोणाची थट्टा करतो का? ती थट्टा ऐकून घरातले कोणी गप्प होते का?

३. आपल्या इमारतीत गेल्या महिनाभरात मिस्साला न दिसलेले कोण आहे? या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाणार?

हे प्रभो, गेथशेमानेत तू मित्रांकडे सोबत मागितलीस आणि ते झोपी गेले. आमच्या शेजारी कोणी जागे असेल तर आम्हाला जाग येऊ दे. ज्यांचे मन थकले आहे त्यांना डॉक्टरांच्या हातातून, घरच्यांच्या ताटातून आणि तुझ्या कृपेतून बळ मिळो. आमेन.